बाळाचा पहिला गणेशोत्सव, पहिली दिवाळी आणि मोठा आवाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पहिले बाळ आले की त्या वर्षीच्या सणांची तयारी वेगळ्याच उत्साहाने होते. जरीची टोपी शिवून येते, छोटा सदरा आणला जातो, आणि कोणीतरी हमखास म्हणते की या वर्षी मिरवणुकीला बाळालाही न्यायचे. प्रश्न पुढे सुरू होतात. ढोल-ताशाचे पथक, डीजेच्या स्पीकरच्या भिंती, सुतळी बॉम्ब आणि घरच्या आरतीतल्या झांजा या साऱ्यांना काही महिन्यांचे मूल कसे सामोरे जाणार? आवाज असह्य झाला तर मोठा माणूस चार पावले मागे सरकतो. बाळाला ते करता येत नाही, ती चार पावले आपणच त्याच्या वतीने टाकायची असतात. खालील उत्तरे त्यासाठी आहेत.

बाळ किती महिन्यांचे झाले की मिरवणुकीला नेता येते?

कानांपुरते बोलायचे तर असे कोणतेही वय नाही, की ज्यानंतर ढोलपथकासमोर उभे राहणे बाळासाठी सुरक्षित होते. सहा महिन्यांच्या बाळाला जे अंतर लागते, तेच दोन वर्षांच्या मुलालाही लागते. गर्दीच्या दृष्टीने मात्र वयाला महत्त्व आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दाटीवाटीत नेऊच नये. लसीकरणाचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे टप्पे या काळात चालू असतात, आणि या वयात ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तरी लगेच डॉक्टरांकडे जावे लागते. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस तर नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला घराबाहेर न काढण्याची आपल्याकडची जुनी रीत या बाबतीत शहाणपणाचीच होती, असे मला वाटते.

बाळाचे कान आपल्यापेक्षा खरोखरच नाजूक असतात का?

आतला कान, म्हणजे शंखासारखा वळलेला कर्णशंकू, जन्मतःच पूर्ण आकाराचा असतो. बाहेरून आत जाणारी कर्णनलिका मात्र लहान आणि अरुंद असते. लहान पोकळीत उंच पट्टीचे आवाज अधिक घुमतात, म्हणून ताशाची कडकड, झांजांचा खणखणाट, शिट्टी आणि पिपाणी यांचे आवाज बाळाच्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत आपल्या अनुभवापेक्षा तीव्र झालेले असतात. कर्णशंकूतील ज्या केसासारख्या सूक्ष्म पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाळासमोर ऐकण्याचे सत्तर-ऐंशी वर्षांचे आयुष्य आहे आणि बोलायलाही ते ऐकूनच शिकणार आहे, म्हणून या पेशींची उधळण पहिल्याच वर्षी होऊ देऊ नये.

किती डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो?

डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, तीन वाढले की जवळपास दुप्पट. प्रौढ कामगारांसाठी जगभर वापरला जाणारा एक दंडक असा आहे की, ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला जास्तीत जास्त आठ तास राहावे आणि पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. ढोल-ताशा पथकाच्या किंवा स्पीकरच्या भिंतीच्या जवळ आवाज शंभराच्या वर सहज जातो. हा दंडक धडधाकट कामगारांसाठी आहे, तान्ह्या बाळांसाठी नाही, त्यामुळे बाळाच्या बाबतीत ही वेळ याहूनही कमी धरावी.

मोबाइलवरील डेसिबल मोजणारी अ‍ॅप अंदाजासाठी बरी असतात, परंतु फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असल्याने फार मोठ्या आवाजात तो कमी आकडा दाखवू शकतो. त्यापेक्षा साधी कसोटी अशी : हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्यासाठी आवाज चढवावा लागत असेल, तर ती जागा बाळासाठी नाही.

आमचे बाळ एवढ्या गोंगाटात शांत झोपते. म्हणजे त्याला सवय झाली ना?

हा गैरसमज माझाही होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. माझी मुलगी सात महिन्यांची असताना अनंत चतुर्दशीला आम्ही पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरील एका नातेवाइकांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी गेलो होतो. रस्त्यावर नाही, घरात आहोत, म्हणून मी निर्धास्त होते. संध्याकाळनंतर एका मंडळाचा ट्रक नेमका खाली येऊन थांबला आणि त्यावरची स्पीकरची भिंत आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर आली. फळीवरची स्टीलची भांडी एकमेकांवर किणकिणू लागली. मुलीच्या पाठीवर माझा तळहात होता आणि प्रत्येक ठोका तिच्या बरगड्यांतून मला हाताला जाणवत होता. तिने आधी दोन्ही हात फेकले, पायांची बोटे फाकवली, चेहरा लाल केला, आणि मग पाचच मिनिटांत मान टाकून झोपी गेली. सगळे कौतुकाने म्हणाले, "किती शहाणी आहे, बघा." त्या रात्री घरी आल्यावर ती दर अर्ध्या तासाने दचकून उठत होती.

पुढे बालरोगतज्ज्ञांनी समजावले की, असह्य उत्तेजनापुढे तान्ही मुले अनेकदा अशीच मिटून घेतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही कर्णशंकूतील पेशींवर तेवढाच मारा चालू असतो. बाळ रडत नाही याचा अर्थ त्याला आवाज सोसतो आहे, असा काढू नये. आम्ही पुढच्या आठवड्यात तिचे कान तपासून घेतले आणि सुदैवाने तपासणी निर्दोष निघाली, पण त्या पाच मिनिटांत उठून मागच्या खोलीत जाणे मला सुचले नाही, ही रुखरुख अजून आहे.

पोटात असताना त्याने ढोल ऐकला आहे. तरीही काळजी करायची का?

होय. गर्भाला साधारणतः गरोदरपणाच्या मध्यापासून आवाज कळू लागतात, हे खरे आहे. परंतु आईच्या शरीरातून आणि गर्भजलातून जाताना उंच पट्टीचे आवाज बरेच गाळले जातात आणि मुख्यतः खर्जातले ठोके आत पोहोचतात. जन्मानंतर ती भिंत राहत नाही. पोटात ऐकल्यामुळे कान घट्ट होतात, असे काही नसते.

कानांत कापूस घातला तर पुरे नाही का?

कापसाने आवाज फारच थोडा अडतो, आणि तो खर्जातला तर जवळपास अडतच नाही. आपल्याला मात्र काळजी घेतल्याचे समाधान मिळते आणि त्या भरवशावर आपण बाळाला अधिक जवळ नेतो, हा खरा धोका आहे. शिवाय कापसाचा बोळा कानात खोल सरकू शकतो, किंवा बाळ तो काढून तोंडात घालते. मोठ्यांचे फोमचे किंवा मेणाचे बोळेही याच कारणाने बाळाला वापरू नयेत. कानांत तेल घालण्याचा तर आवाजाशी काही संबंध नाही आणि ते एरवीही घालू नये.

मग इअरमफ घ्यावेत का? कोणते?

घ्यावेत. बाळांसाठी मऊ, रुंद पट्ट्याचे, कानावर वाटीसारखे बसणारे इअरमफ मिळतात. संगीत ऐकण्याचे हेडफोन आणि हे मफ वेगळे, हे दुकानात स्पष्ट विचारावे. वेष्टनावर कोणत्या महिन्यापासून वापरायचे ते लिहिलेले असते, तसेच आवाज किती डेसिबलने कमी होतो याचा आकडाही असतो. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. हलणाऱ्या, मान वळवणाऱ्या बाळाच्या डोक्यावर त्याहून बराच कमी फायदा मिळतो, हे धरून चालावे.

आपल्याकडच्या दोन गोष्टी इथे आडव्या येतात. पहिली म्हणजे टोपरे. टोपऱ्यावरून किंवा जरीच्या टोपीवरून मफ चढवला की कडेला फट राहते आणि आवाज तिथूनच आत शिरतो. मफची वाटी थेट त्वचेवर, पूर्ण कान झाकून बसली पाहिजे. दुसरी म्हणजे कानातले डूल. नुकतेच कान टोचलेले असतील तर मफच्या दाबाने भोक दुखते आणि बाळ मफ ओढून काढते, म्हणून त्या वर्षी मफच्या भरवशावर कोठे जाण्याचा बेत करू नये.

मफ घरात चार दिवस आधी, पाच-पाच मिनिटे, दूध पिताना किंवा खेळताना घालून पाहावेत. सणाच्या दिवशीही दर पंधरा-वीस मिनिटांनी काढून कानांमागे घाम, लाली किंवा वळ आहे का ते पाहावे. मफ घातलेल्या बाळाला एकटे झोपवू नये. आणि एवढे सगळे केले तरी मफ हे अंतराला पर्याय नाहीत, कारण खर्जातल्या ठोक्यांपुढे ते दुबळे पडतात.

मिरवणूक पाहायचीच असेल तर कोठे आणि केव्हा उभे राहावे?

मोकळ्या जागेत, एका ठिकाणी वाजणाऱ्या वाद्यापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. पाच मीटरवर १०५ डेसिबल असेल तर दहा मीटरवर ९९, वीसवर ९३ आणि चाळीसवर ८७. पण पेठेतल्या अरुंद रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज परततो आणि स्पीकरची लांब-रुंद भिंत असेल तर तो अंतराबरोबर इतका भरभर उतरत नाही. म्हणून लक्ष्मी रस्त्यापेक्षा तो जिथे मोकळ्या चौकात येतो तिथली मागची बाजू बरी, आणि चौकापेक्षाही आडव्या गल्लीत, इमारतीचा कोपरा मध्ये ठेवून उभे राहणे अधिक बरे. रस्त्यालगतचा पहिला-दुसरा मजला सुरक्षित वाटतो, पण तो का नाही हे वर लिहिलेच आहे. त्याच घराच्या मागच्या बाजूची, खिडक्या बंद असलेली खोली मात्र चांगली.

पुण्यात मानाच्या पाच गणपतींची मिरवणूक सकाळी मंडईतील टिळक पुतळ्यापासून निघते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा या क्रमाने ते पुढे सरकतात. दिवसाच्या या भागात सजवलेल्या पालख्या, ध्वज आणि लेझीम दुरूनही दिसतात. संध्याकाळनंतर रोषणाईची मंडळे आणि त्यांच्याबरोबर डीजे येतो, त्या वेळेस बाळ घरी असावे. पथक चालत असताना दोन वादनांमध्ये शांतता असते, तीच पाहून पुढे जाऊन मूर्तीचे दर्शन घ्यावे आणि ताशाची पहिली तर्री ऐकू येताच मागे फिरावे. पथक एका जागी थांबून स्थिरवादन करणार असेल, तर पंधरा-वीस मिनिटे तो आवाज हलणार नाही, हे ओळखून आधीच निघावे. मिरवणुकीत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट ठरवलेली असावी, कारण गर्दी दाटली की दोराच्या पलीकडे जाता येत नाही. बाबागाडी गर्दीत अडकते आणि बाळ नेमके स्पीकरच्या उंचीला येते. बाळ छातीशी बांधलेले असले की त्याचा चेहराही आपल्या नजरेसमोर राहतो.

माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी मिरवणूक सोडावी आणि त्याऐवजी उत्सवाच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी सात-आठच्या सुमारास मांडवात जावे. रांग नसते, स्पीकर बंद असतात, कार्यकर्ते निवांत असतात आणि कोणीतरी बाळाच्या कपाळाला मूर्तीसमोरचे फूल लावून देते.

घरच्या आरतीचा आवाज चालतो ना?

या प्रश्नाकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते, म्हणून मुद्दाम सांगते. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसे, चार टाळ, एक झांज आणि घंटा यांचा आवाज भिंतींवरून परत येतो, आणि कडेवरच्या बाळाचा कान टाळापासून वीतभर अंतरावर असतो. गोव्यात चवथीला घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या साथीने आरत्या रंगतात. तो सोहळा पाहण्यासारखा असतो, पण तोही बंद खोलीतच असतो. सोपा उपाय असा : बाळाला घेणाऱ्याने दारापाशी किंवा शेजारच्या खोलीत उभे राहावे, टाळ वाजवणाऱ्यांनी समोरच्या भिंतीपाशी, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एक टाळ कमी करून टाळ्यांवर आरती म्हटली तरी ती तेवढीच सुरेल होते. पाहुण्या मुलांच्या हातातील पिपाण्या आणि शिट्ट्या मात्र बाळाजवळ वाजू देऊ नयेत.

घरातील मोठ्यांना हे कसे सांगावे? ते म्हणतात, "आमचीही मुले अशीच वाढली."

त्यांची मुले वाढली तेव्हा मिरवणुकीत ढोल, लेझीम आणि भजनी मंडळे होती, ट्रकभर स्पीकर नव्हते. हा फरक शांतपणे सांगितला तर बहुतेक आजी-आजोबांना पटतो. आक्षेप त्यांच्या भक्तीवर नाही, स्पीकरवर आहे, हेही बोलून दाखवावे. "आई, मी बाळाला घेऊन आतल्या खोलीत बसते, आरती संपली की तुम्हीच त्याला प्रसादाला घेऊन जा," असे म्हटले की नातवाला देवासमोर नेण्याचा मान आजीकडेच राहतो आणि वाद उरत नाही. न्यायचे नाही एवढेच सांगितले तर मन दुखावते, म्हणून केव्हा आणि कोणी न्यायचे हे त्याच वेळी ठरवावे. बाळाच्या वडिलांनी त्यांच्या आईवडिलांशी स्वतः बोलावे, सगळा भार सुनेवर टाकू नये.

दिवाळीतील फटाक्यांचे काय?

फटाक्याचा आवाज क्षणात येतो. मोठ्या आवाजासरशी कानातील एक स्नायू आकसून थोडे संरक्षण देतो, पण फटाक्याचा दणका त्या स्नायूच्या आधी पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक मर्यादेनुसार अशा क्षणिक आवाजाचा कळस मुलांच्या कानाशी १२० डेसिबलच्या वर जाऊ नये, मोठ्यांसाठी ती मर्यादा १४० आहे. आपल्या देशात त्याच वर्षी ठरलेल्या नियमाप्रमाणे फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबलपर्यंतचा कळस असणारा फटाका कायदेशीर आहे. दुपटीला सहा डेसिबल हा हिशेब लावला तर असा फटाका ६४ मीटरवर कुठे १२१ पर्यंत उतरतो. म्हणजे कायद्यात बसणारा फटाकासुद्धा सोसायटीच्या अंगणात फुटला तर बाळासाठी फार जवळ असतो. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने पुढाकार घेऊन विकसित केलेल्या हरित फटाक्यांतून धूर कमी निघतो, पण आवाज होतोच.

आपल्याकडे दोन वेळा विशेष जपाव्या लागतात : नरक चतुर्दशीची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. बाळाचे पहिले अभ्यंगस्नान पहाटे चारला झालेच पाहिजे असे नाही. बाहेरचा दणदणाट ओसरल्यावर, उजाडल्यानंतर कोमट पाण्याने आणि मोजक्या उटण्याने घातले तरी चालते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रस्त्यापासून दूरची खोली निवडून खिडक्या लावाव्यात, जाड पडदे सोडावेत, पंखा चालू ठेवावा आणि बाळाला दुधाला घ्यावे. फुलबाजीला आवाज नसला तरी तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, म्हणून कडेवर बाळ असताना ती हातात धरू नये.

गुलाल, धूर, लेझर?

गुलाल आणि धूर बाळाच्या श्वासात जाऊ देऊ नयेत. लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते, आणि बाळ तर प्रकाशाकडे टक लावून पाहते. लेझर दिसला की पाठ फिरवून निघावे.

आवाजावर कायद्याने काही मर्यादा आहे का? तक्रार कोठे करायची?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात मर्यादा ५० व ४० आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असावेत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते आणि गणेशोत्सवातील काही दिवस त्यात येतात. उल्लंघन होत असल्यास ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते.

तक्रारीआधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना एकदा भेटावे, असे मी सुचवेन. "आमच्या घरी तीन महिन्यांचे बाळ आहे, आमच्या खिडकीकडे तोंड असलेला स्पीकर थोडा वळवता का?" असे उत्सवापूर्वी, मांडव उभारतानाच विचारले तर पुष्कळ ठिकाणी मुले तो आनंदाने वळवतात. ऐन रंगात आलेल्या मिरवणुकीत हे कोणी ऐकू शकत नाही, शब्दशः.

बाळ खूप दचकले आणि थांबेनाच, तर काय करावे?

आधी आवाजापासून दूर जावे, समजूत नंतर. निघताना बाळाचा एक कान आपल्या छातीशी टेकवावा आणि दुसऱ्यावर तळहाताची वाटी धरावी. शांत जागी गेल्यावर छातीशी धरून हळू आवाजात नेहमीची अंगाई म्हणावी, दूध द्यावे. जोरजोरात हलवणे, नव्या माणसाच्या हाती देणे टाळावे. आवाजाने हात फेकून दचकण्याची जन्मजात प्रतिक्रिया साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत टिकते, तेव्हा दचकणे हा आजार नाही. तासाभरानंतरही बाळ शांत होत नसेल, दूध घेत नसेल किंवा कान सतत ओढत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

कानांची तपासणी केव्हा करावी?

जन्मानंतर महिन्याभरात प्रत्येक बाळाची श्रवण-चाचणी व्हावी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत, हा सर्वमान्य क्रम आहे. पहिली चाचणी 'ओएई' नावाची असते. बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, ते झोपलेले असताना काही मिनिटांत ती होते आणि दुखत नाही. गरज पडल्यास कानाकडून मेंदूकडे जाणारे संकेत मोजणारी 'बेरा' चाचणी करतात. जन्मानंतरची पहिली चाचणी झाली होती का हे प्रसूतीच्या कागदपत्रांत पाहून घ्यावे, कारण अनेक आईवडिलांना ते आठवतच नाही.

सणानंतर काही दिवस बाळाकडे लक्ष असू द्यावे. मागून हाक मारल्यावर पूर्वी मान वळवणारे बाळ आता वळवत नसेल, खुळखुळ्याकडे दुर्लक्ष करत असेल किंवा त्याचे हुंकार कमी झाले असतील, तर थांबू नये. दाखवायला जाताना कोणत्या दिवशी, किती वेळ आणि किती जवळ आवाज होता, हे लिहून न्यावे. कानाच्या डॉक्टरांचे पहिले प्रश्न तेच असतात.